आधीचे आणि आजचे

आमच्या पार्कात येणारी माणसे दोनच प्रकारची असतात, असे टेबलताई म्हणत. आधीचे आणि आजचे. आधीचे म्हणजे दोन महिने अगोदर फोन करून तळ्याकाठच्या रेस्टॉरंटात टेबल राखून ठेवणारे. आजचे म्हणजे पाळण्यात फिरून, घसरगुंडीवर भिजून झाल्यावर ज्यांना एकदम भूक आठवते आणि जे दारात येऊन विचारतात, "आहे का हो जागा?"

त्या दारात टेबलताई उभ्या असत. छातीएवढे उंच लाकडी डेस्क, त्यावर फोन, दिवसाचा तक्ता आणि पेन्सिल. पेन त्या वापरत नसत. "माणसाचा बेत काही पेनाने लिहिण्याइतका पक्का नसतो," म्हणत. मी हिशेब विभागात. माझी खिडकी वरच्या मजल्यावर, नेमकी त्या दारावर उघडणारी. त्यामुळे त्यांचे अर्धे काम मी वरून पाहिले आणि उरलेले, व्हाउचरवर सही घ्यायला खाली गेल्यावर.

नियम साधा होता. बरीचशी टेबले आधीच्यांची, थोडी आजच्यांची. आधीचा माणूस वेळेवर आला नाही तर त्याचे टेबल पाव तास रिकामे ठेवायचे, मग रांगेतल्या पहिल्या माणसाला द्यायचे. त्या पाव तासात कोणी कितीही विनवण्या केल्या तरी ताई बधत नसत. एकदा एक बडे गृहस्थ रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवून तावातावाने भांडले. ताईंनी शांतपणे त्यांना बाकावर बसवले आणि पाणी पाठवले.

आमचा कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुख्य, म्हणायचा, "ताई, उद्या यम न्यायला आला तरी तुम्ही विचाराल, बुकिंग कोणाच्या नावाने आहे?"

"विचारीन," ताई म्हणत. "आणि नसेल तर थांबवीन बाहेर."

एके वर्षी मॅनेजरने सगळीच टेबले फोनवर द्यायचे ठरवले. रांग नको, कटकट नको. सर्वांना वाटले, ताई खूश होतील. पण त्याच आडव्या आल्या. म्हणाल्या, "साहेब, दोन महिन्यांनी आपण कुठे असू हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनाही जेवायला लागतं." मॅनेजरने मान हलवली आणि आजच्यांची टेबले वाचली. ताईंना आजच्यांचा एवढा पुळका का, हे कॅप्टनला ठाऊक होते. "घरचाच एक आहे ना," तो मला हळूच म्हणाला.

तो घरचा म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. आमच्याच पार्कात मोठ्या पाळण्यावर होता, म्हणून सगळे त्याला पाळणेवाला म्हणत. आईवडील लवकर गेले. ताईंनी लग्न केले नाही, धाकट्याला वाढवले. उद्याचे कपडे आज इस्त्री करून खुर्चीवर, परीक्षेच्या पेन्सिली आठवडाभर आधी टोक करून डब्यात. आणि हा असा की परीक्षेच्या सकाळी विचारायचा, "ताई, आज कुठला पेपर आहे गं?" कशाचेही विचारा, उत्तर एकच: त्या दिवशी बघू. पाळण्यावर चिकटवले तेही ताईंनीच, आणि तिथे मात्र तो शोभला. वर गेल्यावर घाबरून डोळे मिटणाऱ्या पोरांना खालून ओरडून सांगायचा, "अरे, तुझी शाळा दिसतेय का बघ, आणि दिसली तर तोंड फिरव." पोरे हसताना डोळे उघडत.

तिकीट खिडकीवरच्या मुलीशी त्याचे जमले, तेव्हा ताईंना मनापासून आनंद झाला. त्यांनी हॉल ठरवला. पाहुण्यांना कळवले. कोण कुठे बसणार याचा तक्ता काढला, तो मी पाहिला आहे. आणि हॉलच्या तारखेला तीन आठवडे उरले असताना, एका सुट्टीच्या सकाळी, हवा छान आहे म्हणून, त्या दोघांनी देवळात जाऊन एकमेकांना हार घातले. साक्षीदार म्हणून पाळण्यावरचे दोन सोबती. संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन दोघे ताईंच्या दारात उभे राहिले.

"ताई, उरकून टाकलं," तो म्हणाला. "तुझा त्रास वाचवला."

ताईंनी पुडा घेतला नाही. "आधी कळवलं होतंस?" एवढेच विचारले.

"सुचलं तसं केलं गं. हॉल आहेच की, तेव्हा जेवण घालू सगळ्यांना."

"ते मी कळवीन सगळ्यांना," ताई म्हणाल्या आणि दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेका पाहुण्याला फोन करून हॉल रद्द झाल्याचे सांगितले.

तेव्हापासून बहीणभावाचे बोलणे बंद. डेस्कावरून मान वर केली की ताईंना पाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसे, आणि पाळण्याच्या कठड्यापाशी उभे राहिले की त्याला रेस्टॉरंटाचे दार. एकाच पार्कात अशी आठ-नऊ वर्षे गेली. तो कधी तिथे जेवायला आला नाही. ताई कधी पाळण्यात बसल्या नाहीत. मध्यस्थी करून कॅप्टन थकला. ताई म्हणत, "त्याने यावं, मी नाही म्हणते का?" तो म्हणे, "जाईन की एक दिवस."

तो दिवस हंगामाच्या सुरुवातीला आला. दुपार ओसरत होती. आजच्यांची रांग संपत आली होती आणि तिच्या टोकाला पाळणेवाला आणि त्याची बायको उभी होती. तो बराच वाळला होता. सदरा खांद्यावरून ओघळल्यासारखा दिसत होता. त्याची पाळी आली तसा तो डेस्कापाशी येऊन म्हणाला, "दोन माणसं. बुकिंग नाही."

ताईंनी त्याच्याकडे पाहिले, तक्त्याकडे पाहिले. "थांबावं लागेल," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत दोघांचे एक टेबल रिकामे होते, आजच्यांचेच. पण ते स्वयंपाकघराच्या दारापाशी, जिथे वाढप्यांचे धक्के लागतात आणि भांड्यांचा आवाज येतो. इतक्या वर्षांनी धाकटा जेवायला आला आणि त्याला तिथे बसवायचे, हे ताईंना पटेना. तळ्याकडच्या कोपऱ्यातले टेबल आधीच्यांचे होते. ती मंडळी आली नव्हती, पाव तास संपत आला होता. ताईंनी कॅप्टनला बोलावले. "ते कोपऱ्यातलं लावायला घे. पांढरी चादर घाल, डाग नसलेली. ग्लास पुसून घे. वेळ झाली की त्यांना तिथे बसवायचं."

"मी बाहेर जाऊन सांगू का त्यांना?" कॅप्टनने विचारले.

"सांगायचं काय? बसल्यावर कळेलच."

बाहेर धाकटा भिंतीला टेकून उभा होता. काचेतून त्याला स्वयंपाकघराजवळचे ते रिकामे टेबल दिसत होते. बायको काहीतरी बोलली, त्याने मान हलवली. मग तिने त्याचा दंड धरला आणि दोघे सावकाश, मध्ये थांबत थांबत, फाटकाकडे गेले. हे सगळे मला वरून दिसले, पण आत काय चालले आहे हे दिसत नव्हते.

ताई दोन मेनूकार्डे हातात घेऊन बाहेर आल्या, तेव्हा दारात कोणी नव्हते. त्या फाटकाच्या दिशेने पाहत राहिल्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्या अंतरावर ती दोघे होती. ताईंनी हाक मारली नाही.

चार दिवसांनी कॅप्टनने बातमी आणली की पाळणेवाला आजारी आहे, पोटाचे मोठे दुखणे निघाले आहे, आणि उपचारासाठी तो सासरच्या गावी गेला आहे. ताईंनी ऐकून घेतले. त्याच आठवड्यात त्यांनी रजेचा अर्ज दिला आणि गाडीचे तिकीट काढले. हंगाम संपल्यानंतरचे. "आत्ताच जा ना, ताई," कॅप्टन म्हणाला. "मी बघतो दाराचं."

"आत्ता जाऊन घाईघाईत दोन दिवसांत परत येऊ? नीट पंधरा दिवस राहीन. त्याचं पथ्यपाणी बघीन."

हंगाम भरात असताना एका सकाळी मी सही घ्यायला खाली उभा होतो. फोन वाजला. ताईंनी रोजचे वाक्य म्हटले, "नमस्कार, कोणता दिवस आणि किती माणसं?" पेन्सिल उचलली. मग म्हणाल्या, "रद्द करायचंय? नाव सांगा." तक्त्याचे पान उलटले. "हो, आहे. कोपऱ्यातलं, दोघांचं." आणि मग पेन्सिल खाली ठेवली. पलीकडून आवाज येत होता, एवढेच मला कळले. शेवटी म्हणाल्या, "केव्हा?" आणि थोड्या वेळाने, "नको. रद्द नको करूस. तू ये."

फोन ठेवून त्यांनी माझ्या कागदांवर सह्या केल्या. सगळ्या जागच्या जागी. मग म्हणाल्या, "धाकटा गेला. परवा."

फोनवर त्यांची भावजय होती. पार्कातून परत गेल्यावर दोनच दिवसांनी धाकट्याने तिला फोन करायला लावला होता. उपचार संपल्यानंतरची तारीख, कोपऱ्यातले टेबल, दोन माणसे. ताई ओळखतील म्हणून तिने माहेरचे आडनाव सांगितले. ते बुकिंग ताईंनीच घेतले होते. दिवसाला असे किती फोन येत, आवाज कुठे लक्षात राहणार? ज्याने जन्मात उद्याचा बेत केला नाही, त्याने दोन महिन्यांनंतरचे टेबल सांगून ठेवले होते.

त्या तारखेला भावजय आली. ताईंनी दारावर कॅप्टनला उभे केले आणि स्वतः तिच्यासमोर बसल्या. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर त्या प्रथमच बसत होत्या. मी आणि कॅप्टन डेस्कापाशी होतो. कोपरा लांब नाही, बोलणे ऐकू येत होते.

वाढप्याने ताटे मांडली. मग ताईंनी विचारले, "त्या दिवशी चिडला होता का?"

"हो, वन्सं," भावजय म्हणाली. "खोटं कशाला सांगू? म्हणाले, रिकामं टेबल समोर दिसतंय आणि मला भिंतीला उभं केलंय. बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत."

"मग फोन का करायला लावला?"

"राग राहायचा कुठे त्यांचा? त्या दिवसाचा त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आपणच म्हणाले, ताईचंही बरोबर आहे, तिला आधी सांगावं लागतं. या खेपेला तिच्या पद्धतीने जाऊ."

ताई चादरीवरची सुरकुती बोटाने सारखी करत राहिल्या. "मी हेच टेबल लावत होते," त्या म्हणाल्या. "ते स्वयंपाकघराजवळचं त्याला द्यायचं नव्हतं. मी आत हेच लावत होते."

भावजयीने मान वर केली. "मग तसं सांगायचं ना, वन्सं. त्यांना उभं राहवत नव्हतं. एक शब्द टाकला असता तर जमिनीवर बसून वाट पाहिली असती त्यांनी."

कॅप्टनने ताटे उचलायला वाढपी पाठवला, तेव्हा दोन्ही ताटे जवळजवळ तशीच होती. संध्याकाळच्या गाडीने भावजय परत गेली. ताई फाटकापर्यंत गेल्या आणि बस सुटेपर्यंत तिथे थांबल्या. मग येऊन कॅप्टनच्या हातून पेन्सिल घेतली. त्यांनी हंगामानंतरची रजा रद्द केली. तिकीट मात्र परत केले नाही.

नियम तेच आहेत. पाव तास अजूनही पाव तासच असतो. पण आता रांगेत कोणी उभे असले की ताई आत जाण्याआधी त्याला सांगतात, "थांबा हं, तुमच्यासाठीच आत टेबल लावतेय." बहुतेकांचे लक्षही नसते. कोणी पोराचे नाक पुसत असतो, कोणी फोनवर असतो. ते न बघताच मान हलवतात. ताई आत जातात, ग्लास अर्धवट पुसून पुन्हा दारात येतात, माणसे आहेत ना ते पाहतात आणि पुन्हा आत जातात.