कोळसा कुठला होता

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोटच्या लेकीला नाही. देवापुढे तर हात जोडून खोटंच बोलत आले. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. पण मधेच "जाऊ द्या हो आता" म्हणू नका — तसली मलमपट्टी मला खपत नाही.

आमचं घर प्रकाशा गावचं, तापीकाठचं. मी थोरली सून, काशी धाकटी. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की सगळी मदार अंगणातल्या विहिरीवर, आणि त्या विहिरीच्या पाण्यात मेलं लोखंड. वर तांबूस साय धरायची, डाळ काळपट शिजायची, मामंजींची धोतरं पिवळी पडायची. म्हणून घडवंचीवर मडक्यावर मडकं ठेवून आम्ही दोघी पाणी गाळायचो. माझ्या मडक्यात तापीची रेती. पाणी कसं लख्ख उतरायचं! काशी मात्र रेतीखाली कुटलेला कोळसा घालायची. मी हसायचे — काळ्यानं कधी काही उजळलंय का?

एकदा मामंजी वैतागले. हिरडा आणि लोखंड भेटलं की काळा रंग होतो, हे त्यांनी रंगाऱ्याकडे पाहिलेलं. दोन वाट्यांत आम्हा दोघींचं पाणी घेतलं आणि वरून हिरड्याचा काढा सोडला. काशीची वाटी पिवळट राहिली. माझी — काळीभोर! माझ्या रेतीनं गाळ तेवढा अडवला होता, लोखंड खुशाल खाली आलं होतं. त्या दिवसापासून घडवंची काशीच्या हाती गेली. आमच्याकडे घडवंची जिची, घरात शब्द तिचा.

मला वाटलं, हिनंच माझ्या वाटीत काहीतरी टाकलं. कधी टाकणार? मी तर समोरच बसले होते. पण मी मूळची संशयी, आणि संशयाला कुठं डोळे असतात?

मग एकदा घाटावर धुणं धुताना शेजारणीला हळूच म्हणाले, "इतका कोयसा कथाईन आनस व माय ती?" — कोळसा कुठून आणते, एवढंच. एवढंच म्हणाले, आणि काठावर एक चिता विझत आली होती, तिच्याकडे पाहिलं.

पुढचं बोलायला माझी गरजच पडली नाही. दिवेलागणीपर्यंत गोष्ट घरी पोचली. मसणातला कोळसा, आणि देवाच्या पाण्यात! सासूबाईंनी काशीची मडकी अंगणात आपटली.

तो कोळसा तळोद्याच्या बाजारातला होता. डोंगरातली एक बाई विकायला आणायची. मला कसं ठाऊक? अहो, बैलगाडीत मी काशीच्या शेजारी बसले होते, कोळशाची टोपली माझ्याच मांडीवर होती!

काशीनं माझा दंड धरला. "आक्का, तू त मन्हासंगे व्हती. सांग ना यासले!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "माले काय ठाव?"

त्यानंतर तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. तिच्या नवऱ्यानंसुद्धा नाही. सणावाराला ती चुलीपासून लांब, गोठ्याकडच्या ओट्यावर बसायची. आणि मी? मला वाटे, ही कुणाला तरी सांगणार. ती कुणाशी हळू बोलली की मी दाराआड उभी. तिनं सांगितलं का कधी? अजून कळलेलं नाही.

पुढल्या पावसाळ्यात घडवंची माझ्या हाती, आणि डाळ पुन्हा काळी. मग मी — लाज वाटते हो — गोठ्याच्या मागे बसून कोळसा कुटला. त्याच बाईकडचा. रेतीखाली घातला, वरून रेती सारखी केली. मामंजी प्याले आणि म्हणाले, थोरलीच्या हाताला गुण आहे. गावभर नाव झालं माझं.

काशीही प्याली. पहिला घोट तिनं तोंडात धरून ठेवला, माझ्याकडे पाहिलं. मग तिनं तांब्या रिकामा केला, विसळला, पालथा घातला आणि ओट्यावर जाऊन बसली.

आता ती नाही. तिलाही त्याच काठावर अग्नी दिला.

काल धाकट्या सुनेनं विचारलं, आत्याबाई, तुमच्या पाण्याला एवढी चव कशी हो? मी म्हणाले — तापीची रेती, दुसरं काय?