भाऊजी, हवा लागू नाही दिली

मी अस्वलाला भीत नाही. मी भाऊजींना भितो. (त्या दुपारपर्यंत तरी माझी अशीच समजूत होती.)

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. माणूस गोंदिया शहरातला, त्यामुळे रागावला की हिंदी, खूश झाला की हिंदी, आणि सासूबाई समोर आल्या की एकदम पाठ्यपुस्तकातली मराठी. आवाज असा की पिठाच्या चक्कीनं लाजून बंद पडावं. मी गावात नकला करायचो. हेडमास्तर, बसचा कंडक्टर, अस्वल, वाघ, शेजारची मारकी म्हैस, सगळे माझ्या गळ्यात राहायला होते. भाऊजींची नक्कल मात्र मी फक्त संडासात करायचो, आतून कडी लावून.

भाऊजींनी राइस मिलमधली नोकरी सोडली होती. चोरखमाऱ्याच्या तलावाजवळ तंबू टाकायचे, पर्यटकांना जंगलाच्या कडेनं फिरवायचं, असा बेत. तंबू यायचे होते, एटीव्ही आलेली होती. चार जाडजूड चाकं, वर मोटरसायकलसारखं हँडल, डोक्यावर छप्पर म्हणून फक्त आभाळ. होती सेकंडहँड, पण त्यांचा अख्खा धंदा त्या एका मशीनवर उभा होता. आणि तंबू येईपर्यंत मशीन उभी होती आमच्या अंगणात!

तेवढ्यात मावशीच्या सुनेला मुलगा झाला. बारशाला आईला जाणं भाग होतं. पण भाताच्या रोवणीचे दिवस, मावशीच्या गावची पांदण, म्हणजे शेतांमधली कच्ची वाट, चिखलणीच्या ट्रॅक्टरांनी पार घोटून काढलेली. माणूस गुडघाभर रुतायचा आणि मोटरसायकल सीटपर्यंत. एटीव्ही मिळावी म्हणून मी ताईला फोन करून रडलो, ताई भाऊजींजवळ रडली, आणि भाऊजी गोंदियाहून मला मशीन समजवायला आले.

"साले साहब, ध्यान से सुनो," ते म्हणाले. "ये जाली के पीछे रेडिएटर है. इसमें मिट्टी भरी तो पानी ठंडा नहीं होगा. पानी ठंडा नहीं हुआ तो इंजिन बैठेगा. और इंजिन बैठा, तो तुम्हारी दीदी को मायके में बिठा दूँगा."

ते हसले. मी हसलो. दारात भाजी निवडत बसलेली आई हसली नाही.

मग त्यांनी बरंच काही सांगितलं. डबक्यात हळू घाल, ट्रॅक्टरच्या मागे मागे जाऊ नको, मधे थांबून जाळीतला चिखल काढ, लाल लाइट लागला की जागेवर बंद कर. मी माना डोलावत होतो आणि त्यांची ती भुवई उडवायची लकब बघत होतो. मी आवाज पाठ करत होतो, शब्द नाही! जाता जाता ते म्हणाले, "और हवा का ध्यान रखना. इसको सामने से हवा लगती है."

ते गेले. आईनं भाजी खाली ठेवली.

"काय लागते म्हणे याले?"

"हवा."

"सामोरून?"

"हो."

आईनं मशीनीकडे असं पाहिलं, जसं ती कानाला फडकं न बांधता अंगणात आलेल्या बाळंतिणीकडे पाहते.

आता हे समजून घ्या. आमच्याकडे बाळंतिणीला हवा लागणं म्हणजे साधी गोष्ट नाही. हवा लागली की ताप येतो, कान ठणकतात, कंबर जन्मभराची जाते. म्हणून कान बांधायचे, डोकं बांधायचं, खिडकीला बारदाना ठोकायचा. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणी माझ्या आईनं बांधल्या आहेत. एकीलाही हवा लागली नाही. (एकीला सव्वा महिना ऐकूही आलं नाही, पण ती सासूजवळ राहायची, तिची काही तक्रार नव्हती.)

बारशाच्या दिवशी जेवणं करून आम्ही निघालो. मी पुढे, नवा कोरा शर्ट घालून. आई मागे, मांडीवर मोठी पिशवी घेऊन. पिशवीत बाळासाठी मऊ जुन्या लुगड्यांचे लंगोट, दुपटी, कानाला बांधायची फडकी, बाळंतिणीसाठी लाडू आणि ओव्याचं पाणी भरलेली बाटली. डांबरी रस्ता होता तोवर आई एका हातानं माझा खांदा धरून होती. पांदण लागली तशी तिनं माझी मान धरली.

पहिल्या डबक्यात मी भाऊजींसारखी भुवई उडवली आणि गाडी दणकून घातली. चिखलाची लाट वर गेली, थोडी माझ्या तोंडात, बाकीची सगळी जाळीत.

"थांब," आई म्हणाली. उतरली. जाळीपुढे हात धरला. "अरे बापा, ताप आहे याले. एवढा ताप, न तू उघड्या तोंडानं पळवून राहिला?"

"आई, इंजिन आहे. गरम राहणारच."

"तुह्या भाटव्यानं, जावईबापूनं, काय सांगतलं? हवा लागते. आन तू हवेत घेऊन चालला. इंजिन बसलं म्हणजे माही पोरगी बसन घरी. कळते का तुले?"

ती गमतीत बोलत नव्हती. चार महिने झाले, ती रोज रात्री ताईच्या संसारासाठी दिवा लावत होती. आणि खरं सांगतो, मलाही वाटलं की बाई बरोबर बोलते आहे! कापड बांधलं तर चिखल आत जाणार नाही, आणि हवाही लागणार नाही. भाऊजींचे दोन्ही हुकूम एका लुगड्यात.

आईनं मन लावून बांधलं. आधी लंगोटांचा थर, त्यावर दुपटं, त्यावर फडकी, आणि हँडलाखालून अशी गाठ मारली की रेडिएटरचे कान असते तर दिसले नसते. वरून हेडलाइटला काजळाची तीट लावली. मशीन आता घरची वाटायला लागली.

पुढे सागाचं रान लागतं. डावीकडे नहर, म्हणजे कालवा, उजवीकडे जंगल. त्या आठवड्यात तिथे पिल्लांवाली अस्वलीण फिरत होती. मावशीनं फोनवर सांगितलं होतं, आणि मी आईला सांगितलं नव्हतं. म्हणून मी जरा जोरात काढली. पायांना खालून अशी ऊब लागायला लागली, की मला वाटलं भीतीनं माझंच काहीतरी झालं.

आणि मग आवाज आला. घुर्र.

आईनं मागून पाठीत एक ठेवून दिली. "इथं नको काढू आवाज. जंगल आहे."

"आई, मी नाही."

घुर्र, गुड गुड गुड.

"पिंटू, तुह्या बापालेही असंच भेववलं होतं तू. बंद कर."

"आई, तुझी शपथ. मी नाही."

समोर लाल लाइट लागला. मला भाऊजींची भुवई आठवली आणि मी इंजिन बंद केलं. सगळीकडे शांत. पानांवरून पाणी टपकत होतं. आणि त्या शांततेत, अगदी जवळून, घुर्र!

आईनं पुढे वाकून माझं तोंड हातानं गच्च दाबलं. नाकासकट. मी श्वासही घेत नव्हतो.

घुर्रर्र, फुस्स.

आईचा हात हळूहळू सैल झाला. आयुष्यभर घसा फोडून नकला केल्या, पण "हा आवाज याचा नाही" एवढं घरच्यांना पटवायला मला खरं अस्वल आणावं लागलं!

"पिंटू," ती कुजबुजली, "कोनीकडे आहे थे?"

मला कळेना. आवाज समोरून, मागून, पोटातून, कुठूनही येत होता. हँडलाला लटकवलेली साध्या पाण्याची बाटली मी भीतीनं एका दमात संपवली. पळावं तर मशीन इथं सोडून पळायचं कसं? पळालो आणि अस्वलानं सीट फाडली तर भाऊजी, थांबलो तर अस्वल. शेवटी आईनं लाडवांचा डबा छातीशी धरला, मी उंदरासारखं चीं चीं करत तिचा पदर धरला, आणि आम्ही उलट्या पावलांनी नहराच्या पाळीवर चढलो, कारण मोबाइलला रेंज तिथंच होती. बी.कॉम.ला असलेला घोडा आईचा पदर धरून. वरून कोणी पाहिलं असतं तर बारसं माझंच आहे असं वाटलं असतं.

फोन लागला.

"भाऊजी," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून हेडमास्तरांचा आवाज निघाला. घाबरलो की माझा स्वतःचा सापडत नाही. "लाल लाइट लागला. आणि अस्वल आहे."

"गाड़ी बंद की?"

"हो. पण आवाज येऊन राहिला. घुर्र, गुड गुड."

"भालू नहीं है रे. रेडिएटर का पानी उबल रहा है. जाली में मिट्टी भरी होगी. हवा लग रही है ना उसको?"

"नाही भाऊजी," मी छाती काढून म्हणालो. "एक थेंबभर हवा लागू नाही दिली. लंगोट, दुपटं, फडकं, सगळं बांधलं."

"किस गधे ने बाँधा?"

"आईनं."

मी फोन आईच्या कानाला लावला. आईचे डोळे भरून आले होते. "जावईबापू," ती म्हणाली, "चूक माही आहे. मशीनची नाही. पोरीले काही बोलू नका. तिले घरी नका आणून सोडू."

त्यानंतर पलीकडून जे आलं ते मी आजही भाऊजींच्या आवाजात करून दाखवतो. घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग पाठ्यपुस्तक. "आई, आपण बांधलंत ते प्रेमानंच बांधलंत. परंतु आता कृपया सोडा. झाकण मुळीच उघडू नका, वाफ अंगावर येईल. पूर्ण थंड झाल्यावर मागच्या बाजूनं हळूहळू पाणी ओता, म्हणजे चिखल आला त्या वाटेनं बाहेर जाईल. आणि आई, ते घरी सोडण्याचं... ती गंमत होती."

आईनं पदरानं डोळे पुसले. "असली कायची गंमत, बापू?"

"चुकलो, आई," भाऊजी म्हणाले. पूर्ण मराठीत.

आम्ही खाली आलो. आईनं गाठ सोडली. लंगोट भाकरीसारखे भाजले होते. थंड होईपर्यंत आम्ही तिथंच उभे राहिलो, आणि अस्वल नाही हे माहीत असूनही प्रत्येक गुडगुडीला मी आईच्या मागे जात होतो. पाणी मी पिऊन बसलेलो, मग ओव्याचं पाणी मागून ओतलं. जाळीच्या बारीक फटींतला चिखल आईनं तिच्या कानकोरण्यानं हळूच मोकळा केला. बांधणं, शेकणं, ओवा, कान साफ. रेडिएटरचं सगळं बाळंतपण व्यवस्थित झालं. बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. आई म्हणाली, "पाह्य, गुण आला."

बारशाला पोचलो तर बाळाला द्यायला एकही लंगोट नव्हता. मावशी काही बोलायच्या आत आईनं माझा नवा शर्ट अंगावरून काढून टर्रकन फाडला. बाळ माझ्या शर्टात पाळण्यात गेलं, आणि मी गावभरच्या बायांमध्ये उघडा बसून घुगऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन भाऊजी आले. जाळी तपासली, इंजिन चालवून पाहिलं, वास घेतला. "आई, मशीन उत्तम आहे," म्हणाले. मग मला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारलं, "साले साहब, इंजिन से अजवाइन की खुशबू क्यों आ रही है?"

तेव्हापासून कुठंही कार्यक्रम असला की लोक माझ्याकडे अस्वलाची फर्माइश करत नाहीत, उकळणाऱ्या रेडिएटरची करतात. तो आवाज काही मला अजून जमलेला नाही. पण त्या दिवशी आईचा पदर धरून मी जो चीं चीं आवाज काढला होता ना, तो मात्र हुबेहूब जमतो!