गिऱ्हाइकाचे डोळे

मास्तरांच्या शिंपीदुकानात, कापडं बेतायच्या टेबलाखाली, एक कासव राहायचं. त्याचं नाव गिऱ्हाईक. पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी त्याला खोक्यात घालून दुकानात ठेवून गेलं आणि परत न्यायला आलंच नाही. "माप न देता मुक्काम ठोकणारं हे पहिलंच गिऱ्हाईक," असं मास्तरांची बायको म्हणाली, आणि तेच नाव चिकटलं. ती त्याला काकडी भरवायची, काजं करता करता त्याच्याशी गप्पा मारायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून दुकानात बोलायला मास्तर आणि ऐकायला गिऱ्हाईक, एवढाच काय तो गोतावळा.

एका सकाळी मास्तरांनी चिंध्या बाजूला सारल्या, तर गिऱ्हाइकाचे दोन्ही डोळे सुजून मिटलेले. काकडीचा काप नाकाशी धरला, तर त्याने मान आत घेतली. बायकोच्या आजारपणाची सुरुवातही अशीच झाली होती, ताट बाजूला सारण्यापासून.

डोळ्याचं औषध घरात होतंच. मास्तरांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला, त्यासाठी इस्पितळाने थेंब दिले होते. बाटली संपली की तपासणीला जायचं, असा नियम. आणि नेमकी त्याच तपासणीची मास्तरांना धास्ती होती. मागच्या खेपेला डोळ्यांचे डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. दिव्यांच्या यंत्रासमोर बसा म्हणाले, तेव्हा मास्तर बटणं लावायची राहिलीत असं सांगून सटकले होते. दोघांनी थेंब वापरले तर बाटली लवकर संपणार. मग मास्तरांनी जन्मभर केलं तेच केलं. कापड कमी पडलं की शिंपी आधी स्वतःच्या सदऱ्यावर पाणी सोडतो. त्यांनी आपले थेंब बंद केले आणि रोज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत घालू लागले.

तीन आठवडे गेले. डोळे उघडायचं नाव नाही. रोज टेबलाखाली वाकायच्या आधी मास्तर उगाच मशीन पुसत बसायचे, कारण गिऱ्हाईक हलताना दिसलं नाही तर काय, हा विचार त्यांना सोसायचा नाही. मधूनच डाव्या हाताला ठेवलेली कात्री धक्का लागून खाली पडायची. एक बाही वाकडी शिवली गेली. मास्तरांनी खापर दिव्यावर फोडलं.

शेवटी भेटायला आलेल्या भाचीने दोघांनाही रिक्षात घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी बाटली वाचली. "हे माणसाचं औषध आहे. कुणाचं?"

"माझंच. डोळा तो डोळाच, म्हटलं."

"याने त्याचे डोळे आणखी चिडलेत. नुसती काकडी खाऊन त्याच्या अंगात काही उरलेलं नाही, त्यात तुमच्या चिंध्यांची धूळ. रोज कोमट पाण्यात बसवा, हे मलम लावा, गाजर आणि हिरवा पाला द्या. आठ दिवसांत खाल्लं नाही, तर नळीने भरवावं लागेल. तेही झेपलं नाही, तर मी काही सांगू शकत नाही." बाईंनी मलमाची नळी टेबलावर ठेवली. "आणि तुम्ही स्वतः काय घालताय?"

"माझं चाललंय."

"मग नळी उचला."

मास्तरांचा हात टेबलभर फिरला. नळी त्यांच्या डाव्या कोपराशी होती. भाची मदतीला पुढे झाली, तशी बाईंनी तिला थांबवलं. मास्तर चाचपडतच राहिले.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "किती दिवसांपासून?"

"कासवाच्या नाजूक पापण्या या," बाई कासवाकडे बघत म्हणाल्या, "त्यांना मलम नेमकं लावायचंय. जरा इकडेतिकडे झालं, तर बुबुळाला नख लागेल. ते कोण करणार?"

दुसऱ्याच दिवशी मास्तर इस्पितळात त्या यंत्राला हनुवटी टेकून बसले. दिवा दिसला की बटण दाबायचं. कितीतरी वेळ नुसता अंधार समोर राहिला, आणि इतका वेळ दिवा लागतच नाही की आपल्यालाच दिसत नाही, हे त्यांना कळेना. डॉक्टर म्हणाले, "डाव्या बाजूचं गेलंय ते परत येणार नाही. थेंब चुकवले नाहीत, तर उरलेलं राखता येईल." मास्तरांनी मान हलवली. रिक्षात भाचीशेजारी बसल्यावर मात्र ते रडले.

सहाव्या दिवशी मास्तर बाही उसवत असताना टेबलाखाली डावीकडे काहीतरी कुरतडल्याचा आवाज आला. त्यांना काही दिसेना. त्यांनी पूर्ण मान वळवली. गिऱ्हाईक किसलेल्या गाजरात तोंड घालून बसलं होतं. त्याचा एक डोळा मिटलेलाच होता, दुसरा बारीक उघडा होता आणि मास्तरांकडे बघत होता.

मलमाची नळी घ्यायला मास्तर उठले. मग थांबले. आधी आपली बाटली काढली, मान मागे टाकली, आणि स्वतःच्या डोळ्यांत एकेक थेंब सोडला.