कोणती म्हातारी?

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या दूध संस्थेनं पालीच्या वाटेवरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली, आणि मी आणि माझ्या मैत्रिणीनं तिथं बिनपगारी नोकरी धरली. दोघीही संस्थेच्या सभासद. चारा वाटायचं काम तिचं, पाण्याचं माझं. ती भांडखोर, मी तापट, त्यामुळे आमच्या रांगेत कुणी घुसत नसे.

माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. भाऊ-भावजय ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले. वडील दोन बैल आणि म्हैस घेऊन छावणीतच राहायचे, तिथंच बाजेवर झोपायचे. आई मात्र घरी, आणि तेही आमच्या जुन्या गाईपायी. गाय इतकी थकली होती की छावणीपर्यंतचं चालणं तिला झेपलं नसतं. तिला आम्ही सगळे म्हातारीच म्हणायचो. आईचा तिच्यावर भारी जीव. स्वतःच्या घागरीतलं अर्धं पाणी तिला पाजायची, आणि मी रागावले की म्हणायची, मला कशाला लागतंय एवढं.

आईची काळजी मला छावणीच्या आधीपासूनच वाटू लागली होती. चुलीवर दूध ठेवून ती ओट्यावर जाऊन बसे. एकदा मी जेवून हात धुतले, तर तिनं पुन्हा ताट वाढलं आणि जेवत का नाहीस म्हणून रुसली. मैत्रिणीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, तू घरी थांब, पाण्याचं मी बघते. पण दोन्ही कामं एकटीला ओढणार नाहीत हे दोघींना ठाऊक होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग सकाळी आईची घागर भरून मी छावणी गाठायची, आणि दिवसभर हात हौदावर, चित्त घरी.

शिमगा होऊन गेला होता. टँकर नुकताच लागला होता आणि हौदाभोवती जनावरांची ढकलाढकल चालली होती. तेवढ्यात गावाकडून दुधाचा टेम्पो आला. चालकानं गाडी न थांबवताच मान बाहेर काढली आणि ओरडून सांगितलं, "तुमची म्हातारी गेली बरं का."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडं हायसंही वाटलं. आई आता मोकळी झाली. वडिलांना जाऊन सांगितलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लई दूध पाजलं तिनं आपल्याला, एवढंच म्हणाले. मी परत हौदावर आले.

मैत्रिणीला ही बातमी दिली, तेव्हा तिच्या हातात उसाच्या वाढ्याची पेंढी होती. ती तशीच थांबली.

"कोणती म्हातारी?" तिनं विचारलं.

मी वळून रस्त्याकडे बघितलं. टेम्पो केव्हाच निघून गेला होता. चालक फोन उचलेना, शेजारणीचा लागेना, आणि आईकडे मोबाईल नव्हताच. वडिलांना काही बोलायचा धीर झाला नाही. मैत्रिणीनं चाऱ्याची रांग तशीच उभी सोडली आणि स्कूटी काढली. मागं बसून मी देवाशी सौदा करत होते. गाय ने, म्हणत होते. गाय ने, बैल ने, म्हैस ने.

गल्लीत वळताना मी दारापुढं माणसांचा घोळका शोधत होते. अंगण मोकळं होतं. जीव भांड्यात पडला. पण दाराला बाहेरून कडी होती, आणि गोठ्यात गाय निवांत रवंथ करत बसली होती. तिला जिवंत बघून मी आईला हाका मारत सुटले. शेजारीण बाहेर आली. म्हणाली, तुझी आई मघाच नदीच्या वाटेनं गेली, टेम्पोवाल्यानं बसा म्हटलं तरी बसली नाही. म्हणजे गेली ती चालत गेली होती, असल्या उन्हात.

नदी म्हणजे नुसती तापलेली वाळू. तिच्या कडेनं विनाकठड्याच्या दोन विहिरी. मैत्रीण म्हणाली, तू नको येऊ, मी बघते. ती काठावर वाकायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहायची. ती वळून मान हलवीपर्यंत मला श्वास घ्यायचं सुचत नव्हतं. तेवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

दुसऱ्या विहिरीच्या पुढं बाभळीखाली आई बसलेली दिसली. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या, ओठ वाळून पांढरे पडलेले. मी धावत जाऊन बाटली तिच्या तोंडाला लावली. पाणी पाजता पाजताच तिच्यावर ओरडले, एकटी कशाला निघालीस म्हणून. भीती सुटली की राग येतो, तसला तो राग होता.

तिनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि हात जोडले.

"बाई, तुमी छावणीवरच्या न्हाईत का? मला तिथवर सोडता का? माझी लेक हाय तिथं, पाणी वाटती."

आमच्याकडे कुठलीच आई लेकीला तुम्ही म्हणत नाही. मैत्रिणीनं माझा दंड घट्ट धरला. मग तीच पुढं होऊन म्हणाली, "चला की मावशी, सोडते."

संध्याकाळपर्यंत आई ताळ्यावर आली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, या वयात होतं असं. दुसऱ्या दिवशी चहा गोडमिट्ट केला म्हणून तिनं मला चांगलं झापलं, आणि मला रडू आलं. मैत्रिणीनं मला न विचारताच पाण्याचं काम दुसऱ्या बाईकडे दिलं होतं. मी भांडले नाही.

त्यानंतर आई होती तोवर मी रोज सकाळी तिच्या दारात जाऊन उंबऱ्याबाहेर थांबायची. ती मान वर करून बघायची. "आलीस का गं," असं तिनं म्हटल्याशिवाय माझं पाऊल आत पडत नसे.