न हरलेला संघ

ओहायोतल्या आमच्या कॉलेजात शनिवारी फुटबॉलशिवाय दुसरा देव नसे. फुटबॉल म्हणजे त्यांचा, हाताने खेळायचा. सकाळपासून पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे शेगड्या मांडून मांस भाजायचं, बिअर ढोसायची, तोंडाला रंग फासून बोंबलायचं. मला त्या सगळ्याची किळस यायची. पण २००४ साली मी एमएस करत होतो आणि फी भागवणारी असिस्टंटशिप क्रीडा विभागातच मिळाली होती, म्हणून तोंड मिटून होतो.

कॉलेजच्या पहिल्या संघाला शंभर वर्षं होत होती. त्यानिमित्त पुस्तिका निघायची होती आणि जुनी वर्तमानपत्रं वाचून त्या पहिल्या हंगामाची हकिगत लिहायचं काम माझ्याकडे आलं. संघ एकही सामना हरला नाही, याचा विभागाला कोण अभिमान! तेव्हा हेल्मेट वगैरे काही नव्हतं. पोरं एकमेकांच्या कमरा धरून समोरच्यांवर आदळायची. तिसऱ्या सामन्यात एकाची मान मोडली आणि चार दिवसांनी तो गेला. पुढच्या शनिवारी संघ पुन्हा मैदानात. वर्तमानपत्राने लिहिलं होतं, त्याच्या जागी आलेला गडी झकास खेळला. 

मी त्या मेलेल्या पोराच्या नावासकट सगळं लिहिलं. विभागाच्या साहेबांनी त्या परिच्छेदावर रेघ मारली. "हे सेलिब्रेशन आहे," ते हसत म्हणाले, "कीप इट फन."

रूममेटला सांगितलं तर तो म्हणाला, "यार, तुझा कोण लागतो तो? असिस्टंटशिप कॅन्सल केली तर सरळ घरी परत जाशील."

मी परिच्छेद डिलीट केला.

त्याच आठवड्यात काठी टेकत एक म्हातारी विभागात आली. त्या मेलेल्या मुलाच्या भावाची मुलगी, नव्वदीला टेकलेली. तिचे वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले होते, की कॉलेजने माझ्या भावाचं नाव कुठेही लिहिलं नाही. आता पुस्तिकेत असेल ना, तिने विचारलं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. बघतो, करतो म्हणायचं. समोरचा काय ते समजतो आणि पुन्हा विषय काढत नाही. मीही मान डोलावून "यस मॅम, शुअर" म्हटलं. तिला आमची ही रीत कुठून ठाऊक असणार? तिने ते खरं धरलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन आभार मानले.

शताब्दीच्या समारंभाला ती ठेवणीतला निळा कोट घालून, दोन नाती बरोबर घेऊन आली. मी दारात पुस्तिका वाटत होतो. तिने खुर्चीत बसून पहिल्या हंगामाची पानं बोट फिरवत वाचली. पुन्हा वाचली. नातींनीही पाहिली. मग ती उठून माझ्यापाशी आली. "छापताना राहून गेलं," मी म्हणालो. खोटं बोलताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही. स्वतःचीच शिसारी आली मला.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. "इट हॅपन्स, हनी," म्हणाली. पर्समधून पेन काढलं, पान उघडून माझ्यापुढे धरलं. "त्याच्याबद्दल तू वाचलं आहेस. तूच लिही त्याचं नाव, तुझ्या हाताने."

मी पेन घेतलं, आणि लिहायच्या आधी साहेब कुठे उभे आहेत ते पाहिलं.