डब्यातले राजे

ऋचा माझ्याशी मराठीत बोलली, तेव्हाच मला कळलं. ऋचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. इथेच न्यूझीलंडमध्ये जन्मली, वाढली. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून येतं ते इंग्रजीच. त्या दुपारी मी क्लिनिकमधली ड्यूटी संपवून ऑकलंडमधल्या अल्बनीच्या बस स्टेशनवर उतरत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. "मावशी, बाबा गेले." बस्स, एवढंच. मी तिथल्या बाकावर बसले. पुढे ती पुन्हा इंग्रजीत शिरली... जेवण झाल्यावर खुर्चीत डोळे मिटून बसले होते, चहासाठी हाक मारली तर उठले नाहीत. हातात काही नव्हतं, चेहरा शांत होता, असं ती दोनदा म्हणाली. आता या गोष्टीला काही आठवडे झाले, तरी पामर्स्टन नॉर्थहून, त्यांच्या गावाहून, फोन आला की मला वाटतं, पलीकडून भावोजी म्हणणार, "काय नीलम, कुठला राजा चालू आहे?"

कारण आमच्या घरात तब्येतीची चौकशी अशीच व्हायची. मी चिडलेली असले की 'जॉन चालू आहे', सगळ्यांशी गोडीने वागत असले की 'आज कुणाला तरी गादीवरून उतरवायचा बेत दिसतोय'. मुकुंदभावोजी पुण्याचे, धंद्याने फार्मासिस्ट, आणि छंद म्हणाल तर मध्ययुगीन इंग्लंडचे राजे. कुणाला पत्ते, कुणाला क्रिकेट, यांना प्लँटॅजेनेट घराणं. हा छंद त्यांना लागला तो एका शुद्ध पुणेरी गैरसमजातून. ताई आणि ते इथे नवे आले, तेव्हा इथली परीक्षा पास होईपर्यंत त्यांना औषधांना हात लावता येत नव्हता. म्हणून ते हॅमिल्टनजवळ 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात लागले. लोकांशी ओळख वाढवायची तर त्यांच्या आवडीचं बोललं पाहिजे, हे त्यांचं मत. या देशाची राणी इंग्लंडची, तेव्हा इथल्या माणसांना इंग्लंडच्या राजांचा इतिहास पाठ असणार, हा त्यांचा तर्क. बिचाऱ्यांनी महिनाभर ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणून अभ्यास केला आणि एक दिवस स्मोकोला, म्हणजे कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीत, शेजारच्या माणसाला गंभीरपणे विचारलं, "स्टीफन आणि मटिल्डा यांच्या भांडणात गादीवर खरा हक्क कुणाचा, असं तुम्हाला वाटतं?" तो माणूस सँडविच खायचा थांबला आणि म्हणाला, "विच शिफ्ट आर दे ऑन, मेट?"

हा किस्सा भावोजी स्वतःच रंगवून सांगायचे. रग्बीवर बोलायला हवं होतं हे त्यांना नंतर कळलं, पण तोवर राजे मानगुटीवर बसले होते. पुढे परीक्षा पास झाली, पामर्स्टन नॉर्थला स्वतःचं औषधांचं दुकान झालं, आणि उद्घाटनाच्या सत्यनारायणासाठी ताईने इंडियन दुकानातून भरपूर सुपाऱ्या आणल्या. गणपतीची सुपारी, नवग्रहांच्या सुपाऱ्या... जो देव समोर हजर नाही, त्याच्या जागी सुपारी मांडायची ही आपली रीत. पूजा झाल्यावर उरलेल्या सुपाऱ्या भावोजींनी स्टीलच्या डब्यात भरल्या आणि रविवारी जेवणं झाली की तो डबा टेबलावर उपडा व्हायला लागला. सगळ्यात मोठी, गरगरीत सुपारी हा दुसरा हेन्री. जरा चिरलेली तो जॉन. एका बाजूने चपटी ती एलेनॉर राणी, कारण तिला नवऱ्याने वर्षानुवर्षं कोंडून ठेवली होती. सरदारांसाठी खांडं. ताई ओरडायची, "अहो, देवाच्या सुपाऱ्या आहेत त्या!" त्यावर भावोजी म्हणायचे, "अगं, तेही स्वतःला तसंच काही समजत होते." तिथल्या मराठी मंडळातली पोरं भोवती कोंडाळं करून बसायची. राज्य कुणाचं, गादी कुणाची, कोण कुणाला फितूर, हे सगळं वरणभाताच्या ताटांमध्ये जागा करून चालायचं. मी त्यांना म्हणायचे, "भावोजी, यात शिकण्यासारखं काय आहे? भाऊबंदकीच ना? ती आपल्याकडे काय कमी होती?" ते हसायचे आणि म्हणायचे, "म्हणून तर परकं वाटत नाही."

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट दुसऱ्या हेन्रीची आणि त्याच्या मुलाची. या राजाने आपण जिवंत असतानाच थोरल्या मुलाला राज्याभिषेक करवला. त्याचंही नाव हेन्रीच. मुकुट दिला, मान दिला, पण जमीन दिली नाही, सत्ता दिली नाही, खजिन्यावर हात ठेवू दिला नाही. मुलगा वैतागला, बंड करून उठला. दिलजमाई झाली, पुन्हा बिनसलं. शेवटी तो मुलगा परमुलखात आजारी पडला. आता वाचत नाही असं दिसल्यावर त्याने बापाला निरोप धाडला, एकदा येऊन भेटा. आजूबाजूची माणसं म्हणाली, यात दगा असेल. राजा गेला नाही. क्षमा केल्याची खूण म्हणून त्याने अंगठी पाठवली... आणि मुलगा ती अंगठी घेऊनच गेला. इथवर आले की भावोजींचा आवाज खाली यायचा. मग ते बापाची आणि मुलाची अशा दोन्ही सुपाऱ्या उचलून शेजारी शेजारी ठेवायचे, जणू इतक्या शतकांनंतर आपण तरी ही भेट घालून द्यावी.

अशी गोष्ट सांगणाऱ्या माणसाने तीच चूक आपल्या घरात करावी, यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता. ताई गेल्यावर ऋचा फार्मासिस्ट होऊन दुकानात आली. भावोजींनी थाटात तिला भागीदार केली. पाटीवर तिचं नाव चढलं, पेढे वाटले गेले, फुलांचा हार आला, "आता ऋचा मालकीण" असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पण ऑर्डर कुठली द्यायची ते ठरवायचे तेच. सुट्ट्या कुणाला द्यायच्या ते तेच. आणि जपून ठेवायच्या औषधांच्या तिजोरीची किल्ली त्यांच्या जानव्याला! होय, इतकी वर्षं परदेशात राहूनही या माणसाने किल्ली जानव्याला बांधायची कोकणातल्या आजोबांची सवय सोडली नव्हती. ऋचाला मॉर्फिनची बाटली हवी झाली की बापाने आधी शर्टाची वरची बटणं सोडायची, मग किल्ली बाहेर यायची. दुसरी किल्ली करून घ्या म्हटलं की "सुरक्षितता, सुरक्षितता" म्हणायचे. कामाला असलेल्या मुली प्रश्न विचारायला आल्या की ऋचाच्या अंगावरून पुढे जाऊन भावोजींना विचारायच्या. अशी कितीतरी वर्षं गेली. ती नुसती जबडा आवळायची, अगदी ताईसारखी.

मग तो रविवार आला. मी गेले होते, ओळखीचं एक नवं डॉक्टर जोडपं जेवायला होतं, आणि आग्रह झाल्यावर डबा उपडा झाला. भावोजी रंगात आले. मुकुट दिला, पण सत्ता दिली नाही... असं म्हणत त्यांनी धाकट्या हेन्रीची सुपारी मोठ्या सुपारीसमोर ठेवली. ऋचा ताटं आवरत होती. तिने हात पुसला, वाकून ती धाकटी सुपारी उचलली आणि म्हणाली, "बाबा, धिस वन इज मी." भावोजी म्हणाले, "अगं, गोष्ट चाललीय." ती म्हणाली, "आय नो. आय अ‍ॅम टायर्ड ऑफ इट." सुपारी मुठीत धरून ती खोलीत गेली. पुढच्या महिन्यात तिने ऑकलंडच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी धरली आणि अल्बनीला माझ्याकडे राहायला आली. येताना सुपारी घेऊन आली. खिडकीच्या ज्या कट्ट्यावर आम्ही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, वाळत टाकायचो, तिथेच ती सुपारी ठेवलेली असायची.

वर्षाहून जास्त काळ बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मी दोघांशी बोलायचे आणि दोघांवर चिडायचे. भावोजी म्हणायचे, तिने फोन करावा. ती म्हणायची, ही शुड कॉल. कधी कधी मला वाटायचं, दोघांना सुपारीसारखं अडकित्त्यात धरावं. आणि मग ऋचाचं पित्ताशयाचं दुखणं एकाएकी वाढलं, ताप चढला, तातडीने ऑपरेशन करावं लागलं. मी नर्स आहे, मला माहीत होतं की ते साधं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मावशी, टेल बाबा टू कम. इफ ही वॉन्ट्स."

मी कॉरिडॉरमध्ये येऊन फोन लावला. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरी आहे ना आता? नाही म्हणजे... बोलावण्याचं कारण काय? दुकानाचं काही काढायचंय का तिला?" माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "भावोजी, तुमच्या हेन्रीलाही हेच वाटलं होतं ना? तुम्ही काय ते ठरवा. पण फुलं, चेक, कार्ड असलं काही पाठवलंत तर मी ते तुमच्याकडे परत पाठवीन." आणि फोन ठेवला. मेहुणीच्या नात्याने आयुष्यभर थट्टा केली, पण इतकं टाकून बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात भावोजी उभे. उत्तर बेटाचा निम्मा रस्ता एकट्याने गाडी चालवत आलेले, शर्ट चुरगळलेला, हातात परसातल्या फिजोआ फळांची पिशवी. ऋचाने बघितलं आणि नजर वळवली. ते पलंगाशी गेले, खिशातून ती मोठी सुपारी काढली आणि तिच्या जेलीच्या वाटीशेजारी ठेवली. म्हणाले, "तो गेला नव्हता. मी आलो." मग त्यांनी शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. समोरची नर्स दचकून पुढे आली, मी तिला हाताने थांबवलं. जानव्याला बांधलेल्या किल्लीची गाठ इतक्या वर्षांची, घट्ट बसलेली, त्यांना सुटेना. ऋचा त्यांच्याकडे वळली आणि सलाइन लावलेल्या हातानेच तिने ती सोडवली. "टुक यू लाँग इनफ, बाबा," ती म्हणाली, आणि दोघंही रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

त्यानंतर भावोजी एकदम बदलले असं सांगितलं तर ते स्वतःच वरून हसतील. ऋचा बरी होऊन दुकान सांभाळायला परत गेली, तरी दुकानात ते येतच राहिले. काउंटरमागे एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसायचे, येणाऱ्या म्हाताऱ्यांशी "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून गप्पा मारायचे, कफ सिरपच्या बाटल्या ऋचाने लावलेल्या क्रमातून काढून आपल्या क्रमात लावायचे. पण कुणी काही विचारलं की त्यांचा हात आधी छातीकडे जायचा, तिथे काही नाही हे आठवायचं, आणि मग ते म्हणायचे, "आस्क द बॉस." हे म्हणताना त्यांना प्रत्येक वेळी थोडं दुखत होतं. मला ते दिसायचं आणि म्हणूनच मला ते फार मोठे वाटायचे. गादी सोडलेल्या राजांचं पुढे बहुतेक वाईटच झालं, असं तेच सांगायचे. यांनी सोडली आणि पोरीच्या हातचा चहा पीत स्टुलावर बसले.

तेरावा झाल्यावर निधनशांत करायची ठरली. ऋचा म्हणाली, घरी नको, शॉपमध्ये करू. रविवारी दुकान बंद असतं. पुण्याचे गुरुजी लॅपटॉपच्या स्क्रीनवर आले. चौरंग नव्हता, तेव्हा ऋचाने ते स्टूल ओढलं, त्यावर ताईच्या साडीचा तुकडा अंथरला आणि तांदळाची रास घातली. गुरुजी म्हणाले, "गणपती म्हणून एक सुपारी मांडा." तिने डबा उघडला आणि ती मोठी, गरगरीत सुपारी उचलली. मी म्हणायला गेले, अगं, ती तर... तिने माझ्याकडे पाहिलं. "आय नो विच वन इट इज, मावशी." मग तिने पर्समधून धाकटी काढली आणि तिच्याशेजारी ठेवली. गुरुजींना ती दिसली नाही, किंवा दिसूनही त्यांनी विचारलं नाही.

मंत्र झाले, आरती झाली. शेवटी गुरुजी म्हणाले, "आता अक्षता वाहा आणि सुपारी किंचित जागेवरून हलवा. म्हणजे विसर्जन झालं." ऋचाने अक्षता वाहिल्या, हात पुढे केला, मोठ्या सुपारीवर बोटं टेकवली... आणि तशीच राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही. मी हळूच सांगितलं, "थोडी सरकवायची, बाळा." तिने मान हलवली आणि मराठीत म्हणाली, "मी एकदा गादीवरून उठवलं त्यांना. आता नाही."

स्क्रीनवरून गुरुजींनी विचारलं, "हलवली का?"

"हलवली," मी सांगितलं. भावोजी स्टुलावर जागच्या जागी होते.