वॉटरप्रूफ पिशव्या आणि देवळीपुढचा नाला

सायकलवर तंबू लादून दोन मुक्कामांची सहल करायची, हे आमच्या ह्यांनी ठरवलं तेव्हा उन्हाळा होता. निघालो तेव्हा श्रावण लागला होता. मधला सगळा काळ पिशव्या निवडण्यात गेला. हे वर्ध्याच्या कचेरीत कारकून, मी शाळेत शिकवते. दोघांच्या सायकली जुन्याच, पण कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या मात्र जन्मभर टिकणाऱ्या हव्या. ह्यांनी मोच्याकडून जाड कॅनव्हासच्या शिवून घेतल्या, आतून मेणकापड लावलं आणि नळाखाली धरून साऱ्या आळीला दाखवल्या. शिवाय लष्करी लिलावातला, घोट्यापर्यंत येणारा रबरी कोट. मी घोंगडी घेतली, तर म्हणाले, "तू धनगराची वाटशील."

देवळीपर्यंत रस्ता चांगला आहे. बाजारात गरम भजी मिळतात, ती सोडू नका. पुढे गाडीवाट लागली आणि काळी माती चाकाला अशी चिकटली, की सायकली आम्हालाच ढकलाव्या लागल्या. हे कोटात घामाने भिजले, मी पावसाने. ओले दोघंही सारखेच.

संध्याकाळी आमराईत तंबू ठोकून पिशव्या उघडल्या. पाणी आत शिरायला तोंडाची फट होती, बाहेर पडायला कुठेच जागा नव्हती. अंथरूण अक्षरशः पोहत होतं.

"पाहिलं? शिवण एक थेंब सोडून नाई राह्यली!" हे अभिमानाने म्हणाले.

सकाळी परत निघालो, तर येताना सहज ओलांडलेला वाटेतला नाला भरून चाललेला. काठावर दोन गाडीवान बैल सोडून बसले होते.

"भाऊ, काऊन घाई करता? उतरते पानी."

"माह्याजवळ रेनकोट आहे," हे म्हणाले आणि सायकल घेऊन उतरलेच.

कंबरभर पाण्यात कोट फुगला, पिशव्या भरल्या आणि सायकल ह्यांना ओढत निघाली.

"सोडा ती सायकल!"

"पिशव्या नव्या आहेत वो!"

"मले नवरा पायजे, पिशव्या नाई!" मी इतक्या जोरात ओरडले, की बैलही उठून उभे राहिले.

ह्यांनी सायकल सोडली. मी घोंगडीचं टोक फेकलं. ते त्यांच्या हाती लागलं. गाडीवानांनी मला मागून धरलं आणि आम्ही तिघांनी ह्यांना ओढून काठावर घेतलं. सायकल दुपारी खाली बाभळीत अडकलेली सापडली.

गाडीवानांनी देवळीला सोडलं, तिथून दोन्ही सायकली टपावर टाकून मोटारीने घरी आलो.

आता पाहुणे आले की हे पट्टे, बक्कल, मेणकापड यांवर तासभर बोलतात. गोष्ट नाल्यापाशी आली की मात्र माझ्याकडे पाहतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "हे तू सांग." मी सांगू लागले, की ते चहा ठेवायला आत जातात.